कोंबडा कसा आरवतो

काल रद्दी बांधताना माझ्या लेकीचं, इराचं, जुनं चित्रपुस्तक हाती आलं. मुखपृष्ठावर शेतकऱ्याचे गमबूट घालून ऐटीत उभा असलेला कोंबडा.

जपानमधल्या फुनाबोरीच्या शाळेत पालक आळीपाळीने वर्गात गोष्ट वाचत. पहिलीतली इरा तीन महिने वर्गात एक शब्दही बोलली नव्हती. मी अडखळत जपानीतून वाचत होते. कोंबडा आरवतो त्या पानावर सवयीने तोंडून "कुकूचकू!" निघालं. मुलं खो खो हसली. मी ओशाळले. तेवढ्यात इरा उभी राहिली.

"आई, इथला कोंबडा कोकेकोक्को म्हणतो गं!"

बाईंचे डोळे भरून आले. इरा बोलली, एवढंच तेव्हा मला कळलं.

आता ती घरीही जपानीतच उत्तर देते. वर्गातलं तिचं पहिलं वाक्य मराठी होतं, हे मला काल जाणवलं.