बरणीत भरलेला मगाडी सोडा

किसी गावाच्या डोंगरावरल्या मुलींच्या शाळेत केमुंटोबाई पुष्कळ वर्षं रसायनशास्त्र शिकवत आल्या. मोल म्हणजे काय, हे त्या बाजारातल्या भाजीवरून सांगत. "टोमॅटोचे आणि घेवड्याचे नग सारखे मोजून घेतले, तर वजन सारखं भरेल का? रसायनात कण दिसत नाहीत, म्हणून त्यांचे नग वजनावरून काढायचे."

एका रविवारची गोष्ट; दुसऱ्या दिवशी वरच्या वर्गाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाईंनी प्रयोगशाळेच्या बरणीतला सोडा काढला, पाणी नसलेला शुद्ध धुण्याचा सोडा. त्याचा एक मोल एकशे सहा ग्रॅमचा. लिटरभर पाण्यात मोलचा विसावा हिस्सा हवा, म्हणून ५.३ ग्रॅम तोलला. मग थेंबाथेंबाने आम्ल सोडून पाहिलं. पंचवीस मिलिलिटर लागायला हवं होतं. साडेसतरालाच रंग पालटला. पुन्हा केलं, तेच. हे द्रावण दिलं, तर मुलींचं गणित बरोबर असूनही उत्तर चुकणार होतं.

अर्धी असलेली बरणी काठोकाठ भरलेली दिसली, तशा बाई शाळेच्या स्वयंपाकघरात गेल्या. स्वयंपाकीण बोसिबोरीमावशी घेवडा ढवळत होत्या.

"मावशी, माझ्या बरणीला हात लावलात?"

"लावला की. मगाडी, आपला तळ्यातला खडेसोडा, संपला होता, घेवडा शिजेना. तुमचा सोडा वापरला आणि बाजारातून मगाडी आणून काठोकाठ भरून ठेवला. उसनं ठेवत नाही मी कुणाचं."

"तो सोडा वेगळा, हा वेगळा."

"सोडा तो सोडाच. घेवडा दोन्हींनी शिजतो."

"मगाडीत पाणी असतं, खायचा सोडाही असतो. त्याचा मोल दोनशे सव्वीसचा. मुली एकशे सहाच धरणार."

"मग जास्त घाला."

"शिजवताना चालेल तुम्हाला." नवा सोडा आणावा, तर दुकानं रविवारची बंद होती. "मावशी, कोरडा तवा द्या."

"सोड्याची चपाती लाटता का आता?"

"भाजला की पाणी जातं, खायच्या सोड्याचाही धुण्याचा सोडा होतो."

मगाडी विरघळवून फडक्यातून गाळला, आटवला, तव्यावर भाजला. बाई तोलत, पुन्हा भाजत, पुन्हा तोलत. वजन उतरायचं थांबलं, तेव्हाच तवा खाली ठेवला. नवं द्रावण करून आम्ल सोडलं. २४.८ भरलं.

"थोडं कमीच की," मावशी म्हणाल्या.

"मगाडीत मीठही असतं. ते भाजून जात नाही."

तपासणीच्या उत्तरांत बाईंनी आधीच पंचवीस लिहून ठेवलं होतं. ते खोडून त्यांनी २४.८ लिहिलं, कारण आणि सही घातली. परीक्षा वेळेवर सुरू झाली. पहिल्या बाकावरच्या मुलीला २४.७ आलं; बाईंनी तिला पूर्ण गुण दिले.