खाडीतलं दुमजली घर

आमच्या करावे गावात कॉम्प्युटरवर विमान उडवणारी चाळिशीची बाई मी एकटीच असेन. दिवसभर न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागद हलवायचे आणि घरी येऊन जॉयस्टिक धरायची. वडील मागून बघत म्हणायचे, "बायची भातुकली चालू झाली." मला राग यायचा. तसाही तो माझ्या नाकावरच असतो, हे सगळ्या आळीला ठाऊक आहे.

त्या सिम्युलेटरमधून मी परदेशी फार हिंडले नाही. मुंबईहून उडायचं, खाडी ओलांडायची आणि आपल्याच गावावर घिरट्या घालायच्या, यातच माझा जीव रमायचा. एका संध्याकाळी विमान जरा जास्तच खाली आणलं, तर तिवरांच्या जंगलात एक घर दिसलं. दुमजली, लाल छपराचं, खिडक्यांसकट. भोवती नुसती तिवरं आणि पाणी, पायवाट कुठेच नाही. मी वडिलांना हाक मारली.

त्यांनी चष्मा लावला आणि पडद्याजवळ आले. बराच वेळ बघत राहिले.

"घर कुनी बांदलं तिथं? ती देवाची जागा हाय."

मग मला सगळं कळलं. आमच्या घरात पद्धत अशी, की तांडेल, म्हणजे होडीचा कारभारी, ज्या दिवशी मासेमारी सोडतो त्या दिवशी खाडीतल्या देवाच्या चौथऱ्यावर शेवटचा नारळ फोडतो आणि वल्ही ठेवल्याचं देवाला सांगतो. वडिलांनी मासेमारी सोडली तोवर तिवरं इतकी माजली होती, की चौथऱ्याकडे जाणारी वाटच सापडेना. जागा बुडाली, असं सगळे म्हणू लागले. नारळ राहिला तो राहिलाच. गावात लोक अजून त्यांना तांडेल म्हणतात आणि त्यांना ते टोचतं, हे इतकी वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

"बाबा, कॉम्प्युटर आकाशातून काढलेल्या फोटोवरून अंदाजाने घरं उभी करतो," मी म्हटलं. "पांढरं चौकोनी दिसलं, की केलं घर. म्हणजे चौथरा अजून आहे."

दुसऱ्या दिवशी ते शेजाऱ्याची होडी मागून आले.

मला रविवारची सुट्टी होती, म्हणून मी रविवार ठरवला. वडील म्हणाले, "रविवारी अष्टमी हाय. भांगाचं पानी, चढनार नाय." मी ऐकते कुठली! त्या घरापर्यंत जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर मी तोवर पन्नास वेळा उडाले होते आणि दर वेळी खाडी काठोकाठ भरलेली होती. आम्ही गेलो आणि तिवरांपर्यंत पोचायच्या आतच होडी चिखलात बसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या कॉम्प्युटरात ओहोटी लागतच नाही. कोळ्याची पोर असून मी भरती-ओहोटी विसरले होते! वडिलांनी शांतपणे भाकरीचं फडकं सोडलं, अर्धी भाकरी मला दिली आणि विचारलं, "शिकली?" मी चिखलाकडे बघत मान हलवली.

पुढची पौर्णिमा त्यांनी ठरवली. मी निमूट रजा टाकली. त्यांच्या हिशोबाप्रमाणे भर दुपारी खाडी तुडुंब भरली आणि वडील वल्ही मारत तिवरांपाशी आले. तिथे मात्र त्यांचे हात थांबले. समोर हिरवी भिंत आणि तिच्यात एकसारखी दिसणारी पाण्याच्या वाटांची तोंडं.

"सगलं सारखंच दिसतंय गं," ते म्हणाले. सगळी हयात या पाण्यावर काढलेला माणूस, त्याचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

मी होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर जाऊन बसले आणि डोळे मिटले. मनातल्या मनात वर उडाले.

"विजेचा मनोरा डाव्या हाताला ठेवा. पहिलं तोंड सोडा. दुसरं सोडा. तिसऱ्यात घाला."

फांद्या तोंडावर आल्या, हात खरवडले. वाट कोयत्यासारखी वळत गेली, अगदी मला पाठ होती तशीच. आणि तिवरं एकदम संपली.

घर नव्हतं. कंबरेएवढा चौथरा होता, अर्धा चुना उडालेला, वर शेंदूर फासलेला दगड. मी इतक्या जोराने ओरडले, की बगळ्यांचा थवाच्या थवा उडाला. मला वाटलं, हे सगळं पाणी, ही तिवरं, वरचं आभाळ, सगळं आज माझं आहे.

वडील उतरले. पिशवीतून नारळ काढला. "देवा, वल्ही ठेवली," ते म्हणाले. "उशीर झाला, पन आलो." एकाच फटक्यात नारळ फुटला. त्यांनी डोळे पुसले आणि मीही पुसले, लपवायचं काही कारण नव्हतं.

परत निघताना ते नाळेवर जाऊन बसले. मी वल्ह्यांकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं.

"देवाला सांगितलंय," ते म्हणाले. "आता मी हात नाय लावनार."

मग मीच वल्हवलं. होडी वाकडीतिकडी गेली, दोनदा तिवरांत शिरली, हातांना फोड आले. उतरणारं पाणीच होडीला बाहेर ओढत होतं म्हणून निभावलं. वडील खोबरं खात बसले होते.

धक्क्यावर जाळं विणत बसलेल्या शेजाऱ्याने विचारलं, "काय तांडेल, कुटं गेलेलाव?"

वडिलांनी माझ्याकडे बोट केलं.

"तांडेल ती हाय," ते म्हणाले. "तिला इचार."