मी पुसलेले आवाज

गिटारचा आवाज बदलायला बनवलेलं, पायाने दाबायचं पेडल आमच्याकडे लग्नाच्या हळदीत वाजणाऱ्या बेंजोला लावतात, हे ऐकून गिटारवाले हसतात. हसू देत. टाइपरायटरसारख्या कळांचा तो बेंजो थेट स्पीकरला जोडला, तर पत्र्यावर चमचा घासल्यासारखा वाजतो. पेडलमधून नेला की त्याचीच सनई होते. कल्याण-डोंबिवलीपासून माजिवड्यापर्यंतच्या वाजवणाऱ्यांच्या पार्ट्या आपली जुनी डिजिटल पेडलं घेऊन नौपाड्यात माझ्या घरी यायच्या. नोकरी कारकुनाची, दुरुस्ती हौसेची. दुखणी बहुतेक साधी असत. हळद आणि धूळ जाऊन कुरकुरणारी बटणं, पायाखालचं सुटलेलं रबर, कोणीतरी भलताच लावलेला अ‍ॅडॅप्टर.

एक काम मात्र जपून करावं लागे. या पेडलांच्या आत नाण्याएवढा सेल असतो. वाजवणाऱ्याने बटणं फिरवून स्वतः जमवलेले आवाज त्या सेलवर टिकतात. सेल मेला की ते जातात, आणि उरतात फक्त कारखान्यातून आलेले. म्हणून सेल बदलताना पेडल अ‍ॅडॅप्टरवर चालू ठेवायचं. हे मी कितीतरी जणांना शिकवलं आहे.

शहाडचा माझा मित्र बेंजो वाजवायचा. त्याने आपले आवाज वर्षानुवर्षं कानाने जमवले होते, इथे थोडा घुमारा, तिथे थोडी धार. कागदावर काही नव्हतं. पुढे अर्धांगवायूने त्याचा उजवा हात गेला आणि पार्टीत मुलगा वाजवू लागला, त्याच पेडलवर. बाप मांडवात खुर्ची टाकून ऐकत बसायचा. पेडलं बरी करतो म्हणून मी त्याचा डॉक्टर. मला म्हणायचा, "डॉक्टर, हात गेला रे. पण वाजतोय मीच."

पेडलच्या पडद्यावर सेल संपत आल्याची खूण दिसू लागली. बाप म्हणाला, दाखवून घे. मुलगा म्हणाला, लग्नाचा सीझन संपू दे. सीझन संपल्यावर एका सकाळी तो पेडल माझ्याकडे ठेवून गेला.

मी ते अ‍ॅडॅप्टरवर चालू ठेवून उघडलं. आवाज सगळे जागेवर होते. जुना सेल सोडवून बाहेर काढला, आणि आतून बायकोने जेवायला हाक मारली. मी उठलो आणि उठता उठता भिंतीवरचं बटण बंद केलं. आमच्या घरात जागेवरून उठणारा माणूस बटण बंद करूनच उठतो. वडिलांनी मला तसं वळण लावलं, मी माझ्या मुलांना. सोल्डरिंगचं आयर्न बंद करायचं होतं. अ‍ॅडॅप्टरही त्याच बटणावर होता. बोट बटणावर असतानाच मला कळलं. पुन्हा चालू केलं तेव्हा आत मित्राचं काहीही नव्हतं.

मी त्याला फोन केला आणि म्हणालो, "आणायला उशीर झाला रे. सेल आधीच मेलेला."

तो म्हणाला, "तरी त्याला सांगत होतो मी."

संध्याकाळी मुलगा पेडल न्यायला आला. "काका, निघताना वाजवून बघितलेलं मी. सगळे होते."

"होतं असं," मी म्हणालो. "प्रवासात सेलचा राहिलेला जीवही जातो." माझ्या आवाजात दुरुस्ती करणाऱ्याचा सगळा अधिकार होता. त्याने मान हलवली.

मी मित्राला घाबरलो नव्हतो. त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या आणि जेवायला बसवलं असतं. पण माझा हात लागला की मेलेलं पेडल उठतं, असं पार्ट्यांमधून बोललं जायचं, आणि ते मला फार आवडायचं. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो.

मुलाने ते आवाज पुन्हा जमवायचा प्रयत्न केला. मी समोर बसलेलो असायचो. बाप म्हणायचा, "हा नाही." मग, "हाही नाही. राहू दे, तुला ऐकूच येत नाही." हळूहळू तेही बोलणं थांबलं. मुलाने बेंजो सोडला आणि भिवंडीला गोडाऊनमध्ये कामाला लागला. एका घरात राहून बापलेक एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मी महिन्या-दोन महिन्यांनी तिथे जाऊन जेवत होतो. गेल्या वर्षी मित्र वारला. खांदा द्यायला मीही होतो.

परवा शहाडला जाऊन मी मुलाला सगळं सांगितलं.

"म्हणजे मी आणलं तेव्हा होते?"

"होते."

"मला वाटायला लागलेलं, मीच खोटं बोलतोय. वाजवून बघितलंच नसेल मी." मग तो म्हणाला, "आईला सांगा. माझ्यासमोर."

ती आतून पदराला हात पुसत आली. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सेल, अ‍ॅडॅप्टर, बटण. तिला त्यातलं किती कळलं, मला ठाऊक नाही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "मग भाऊजी, हे शेवटपर्यंत याच्याशी बोलले नाहीत, ते कशासाठी?"

मुलगा माझ्याकडे बघत होता.