करिष्मानं लावलेल्या आठ पाती

मी रागीट माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. वीस वर्षं एका कॉम्प्युटरातली माहिती दुसऱ्यात भरायचं काम करतोय. टिळकवाडीतल्या आमच्या ऑफिसात सगळे मला बसवंतअण्णा म्हणतात आणि माझ्या टेबलापासनं दोन हात लांब ऱ्हातात. त्या रविवारी माझी लई जिरली. जिरवली कुणी, ते सांगतो.

करिष्मा सदलग्याची. तिची आई मालुबाई भांगलणीला, म्हणजे रानातलं तण खुरपायला, बायकांची टोळी घेऊन जाते, आणि शाळेला सुट्टी असली की ही पोरगीबी खुरपं घेऊन त्या टोळीत. शिकली, आमच्याकडं सहा महिन्यांच्या बोलीवर लागली. ते सहा महिने त्याच रविवारी संपत होते. मालक युवराजसाहेबांनी तिला तोंडावर सांगितलेलं, "चिकोडी भागातले दोन दवाखाने एक झालेत. दोन्हीकडच्या पेशंटांची माहिती रविवारी सहाच्या आत नव्या कॉम्प्युटरात बसली, तर तू कायमची. न्हाय बसली, तर सोमवारी येऊ नको."

आता हे सॉफ्टवेअर काही एकट्यानं राबत न्हाय. त्याच्या आत थ्रेड असतात; थ्रेड म्हणजे आतला कामकरी समजा. एक जुनी नोंद वाचतो, दुसरा तिला नव्या साच्यात बसवतो, तिसरा ती नव्या जागी लिहितो. तिघांची मिळून एक ओळ. अशा ओळी आपण सांगू तेवढ्या लागतात. करिष्मानं आठ लावल्या आणि सकाळी दहाला काम सुरू केलं.

बाराला बघतो तर पाव हिस्सासुद्धा झालेला न्हाय!

"आठानं काय हुतंय? सोळा कर," मी म्हटलं.

"अण्णा, कुठं अडतंय ते जरा बघू द्या की."

"बघत काय बसतीस? मी कर म्हणतोय न्हवं?"

केल्या बिचारीनं सोळा. अर्ध्या तासात सगळं ठप्प. सोळाच्या सोळा ओळी चालू दिसतायत आणि आकडा जागचा हलेना. बारभाईची शेती, काय लागंल हाती! पण चूक माझी हे कबूल कोण करणार? मी तिच्यावरच भडकलो. "जमत न्हाय तर जा की आईसंगं भांगलायला!"

शेजारच्या मंथननं मान खाली घातली. मला वाटलं, रडती आता पोरगी. कुठलं काय! खुर्ची वळवून सरळ माझ्याकडं बघत म्हणाली, "गेलेय की अण्णा, पाचवीपासनं. म्हणून तर कळाय लागलंय."

मग तिनं मला समजावलं. होय, मला! "रानात या बांधापासनं त्या बांधापर्यंत एकेकीची पात ठरलेली असती. एका पातीत दोघी शिरल्या की खुरप्याला खुरपं लागतंय, दोघीबी उभ्या ऱ्हात्यात. आई तसं करूच देत न्हाय. आपण तेच करून ठेवलंय."

तिनं स्क्रीनवर दाखवलं. नव्या कॉम्प्युटरात प्रत्येक घराचं एक कार्ड होतं. पेशंटची नोंद लिहिताना थ्रेड त्या घराचं कार्ड धरायचा आणि हातातला नोंदींचा गठ्ठा संपेपर्यंत सोडायचा न्हाय. आणि आम्ही नोंदी वाटलेल्या एक इकडं, एक तिकडं. बाप एका ओळीत, लेक दुसऱ्या. एका थ्रेडच्या हातात पाटलांचं कार्ड, त्याला हवं कांबळ्यांचं; दुसऱ्याच्या हातात कांबळ्यांचं, त्याला हवं पाटलांचं. दोघंबी अडलेले. मी ओळी वाढवल्या तशी घरं आणखीच फुटली.

"मग आता?" माझा आवाज आपोआप खाली आला.

"परत आठच ओळी. आणि घर फोडायचं न्हाय. अख्खं घर एकाच पातीत."

त्यासाठी झालेलं सगळं पुसायला लागणार होतं. मी म्हटलं, "अगं, दोन वाजाय आले! सहाच्या आत न्हाय झालं तर तुझी नोकरी जाईल."

"पाती लावल्याबिगर रानात उतरायचं नसतंय अण्णा," म्हणाली आणि पुसलं तिनं सगळं!

सव्वादोनला पुन्हा सुरू केलं. आणि काय सांगू तुम्हाला! आकडा असा पळाय लागला की मी चहा हातात धरूनच बसलो, पार गार झाला. साडेतीनला निम्म्याच्या जवळ. सव्वाचारला मंथन टेबलावर बुक्क्या मारत होता. पाच वाजून दहा मिनिटांनी शेवटची नोंद बसली, आणि रागीट बसवंतअण्णानं, म्हणजे मी, शिट्टी मारली! वीस वर्षांत पहिल्यांदा.

पण करिष्मा उठली न्हाय. जुन्या नोंदी किती, नव्या किती, घरं किती, सगळं ताडून बघितलं. बरोब्बर जुळलं. एकसुद्धा नोंद बाहेर पडलेली न्हाय. युवराजसाहेब येऊन मागं उभे होते. म्हणाले, "उद्या वेळेवर ये गं."

तवा कुठं तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं आईला फोन लावला, आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवून.

"आई, झालं सगळं! मी कायमची झाले!"

"लई ब्येस," मालुबाई म्हणाली. "मागं तण ऱ्हायलं न्हाय न्हवं?"

"एक काडी न्हाय."

मला राहवेना. फोन घेतला. "आक्का, मी बसवंत. माझं चुकलं. रागाच्या भरात तुमच्या लेकीला भांगलायला जा म्हटलो मी."

पलीकडनं मालुबाई म्हणाली, "मग? गेली न्हवं?"