नारूभाईने बुजवलेलं भगदाड

झाईच्या बंदरावर कुणाचं जाळं फाटलं की लोक एकच नाव घ्यायचे, नारूभाई. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून त्याने होडीवर जाणं सोडलं होतं, पण बोटांना काही स्वस्थता नव्हती. लग्नाच्या पंगतीत बसला तरी शेजाऱ्याच्या शर्टाची उसवलेली शिवण त्याला दिसायची आणि घास हातातच राहायचा. "अहो, जेवा की आता!" असं त्याची बायको चंद्रावती दटावायची. तोंडाचा तिखट, हाताचा देवमाणूस. आणि घात केला तो तोंडाने थोडा, या देवमाणूस हातांनी जास्त.

आयुष्यात एकच जाळं त्याने शिवलं नव्हतं. त्याचा धाकटा भाऊ जतीन एकदा मासेमारीला गेला, रात्रीतून कुठल्याशा मोठ्या जहाजाने जाळं ओढलं आणि होडी उलटली. मधोमध फाटलेलं जाळं सापडलं, जतीन सापडला नाही. त्यांच्या घरचा नेम होता, बापाने घालून दिलेला: समुद्रावरून न आलेल्याचं जाळं शिवायचं नाही. शिवलं म्हणजे वाट बघणं संपलं. जतीनची बायको हिना शेजारच्याच घरात राहायची आणि ते जाळं तिच्या माळ्यावर पडून होतं. नारू त्या माळ्याकडे मान वर करून बघतही नसे.

नारूचा एकुलता एक पोरगा भाविक. तो मुंबईला कपड्यांचं डिझाइन शिकायला निघाला तेव्हा नारू म्हणाला होता, "शिंपी व्हायला मुंबई कशाला? तलासरीतले शिंपी काय मेले?" तरी पाठवलं. शेवटच्या वर्षी कॉलेजात फॅशन शो झाला आणि त्याचा व्हिडिओ फिरत फिरत बंदरावरच्या मोबाइलात येऊन पोचला. होड्या नुकत्या लागल्या होत्या, बायका मासळी निवडत होत्या आणि पुरुषमंडळी एका फोनवर डोकी घालून खदाखदा हसत होती. नारूने वाकून बघितलं. एक हडकुळा तरुण, अंगात काळ्याकुट्ट जाळ्याचा कोट, बाह्या जमिनीवर लोळतायत, छातीवर हे एवढं भगदाड. आणि चालतोय असा, की जणू घरचं कुणी गेलंय.

"नारूभाई, हे तुमच्या भाविकने केलंय म्हणे?"

"छे! त्याच्या कुठल्या मित्राचं असेल," नारू झटकन म्हणाला. आणि एवढ्यावर थांबला असता तर तो नारू कसला! "हे ध्यान किनाऱ्यावर उभं केलं तर बगळेसुद्धा फिरकायचे नाहीत. आणि जाळं तरी धड घ्यावं की नाही? या भगदाडातून अख्खा घोळ मासा निघून जाईल, पापलेटाचं सोडाच!"

सगळे पोट धरधरून हसले, आणि नारू सगळ्यांपेक्षा मोठ्याने. पलीकडे हिना बोंबील निवडत बसली होती; तो फोन आधी तिच्याही हातात फिरून गेला होता. तिने मान वर केली, अर्धीच भरलेली टोपली उचलली आणि घरची वाट धरली. नारूला ते दिसलं. ऊन लागलं असेल, असं त्याला वाटलं.

संध्याकाळी भाविकचा फोन आला. फोनवर बोलली आई, ऐकत होता बाप. एका परीक्षकाने म्हणे कोटाला गुणच दिले नव्हते. हा कपडाच नाही, हा घालून माणूस बसणार कसा, जेवणार कसा, असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या एका बाई मात्र त्याच्याशी भांडल्या. याला कपडा म्हणून मोजू नका, चित्रासमोर उभे राहता तसे याच्यासमोर उभे राहा, म्हणाल्या. त्यांनीच तो कोट मुंबईतल्या एका मोठ्या प्रदर्शनात ठेवायचं ठरवलं होतं. तिथे तो लोकांना भिडला तर भाविकला पुढची वाट सापडणार होती, नाहीतर होतं नव्हतं सगळं पाण्यात.

"तो पहिला परीक्षकच शहाणा," नारू पुटपुटला. "अंग झाकत नाही, थंडी अडवत नाही, तो कसला कोट?"

चंद्रावती भाकरी थापता थापता थांबली. "हे बघा, ओटीवर तुम्हीच हौसेने वारली चित्र लावलंय ना? दोन त्रिकोण जोडले की झाला माणूस. ना पोट, ना तोंड. हा बापडा जेवतो कसा, असं कधी विचारलंत? मग पोराच्याच वेळी कशाला विचारता?"

नारूने ताट पुढे ओढलं. पण खरं सलत होतं ते वेगळंच. 'त्याच्या कुठल्या मित्राचं असेल.' स्वतःच्या पोराला भर बंदरावर नाकारलं होतं त्याने, आणि कशासाठी, तर लोकांनी आपल्याला हसू नये म्हणून. माशाचा काटा घशात अडकावा तसं ते वाक्य अडकून बसलं. भात गिळला, पाणी प्यायला, काटा काही जाईना.

प्रदर्शनाच्या आधी भाविक कोट घेऊन घरी आला. मधल्या खोलीत दोरीवर टांगला. दुसऱ्या दिवशी कोट उभा करायचं लाकडी स्टँड बनवून घ्यायला तो डहाणूला गेला आणि चंद्रावती बाजाराला. घरात राहिले नारू आणि कोट.

तो जवळ गेला. भगदाड फोनवर दिसलं त्याहून मोठं होतं, कडेचे दोरे चिंध्यांसारखे लोंबत होते. पोराला हे जमलं नसणार, नारूच्या मनात आलं. जाळं शिवणं त्या कॉलेजात कोण शिकवतंय? एवढ्या मोठ्या लोकांपुढे असं फाटकं जाणार, आणि बाप झाईतला नावाजलेला जाळं शिवणारा! बोलून केलेलं पाप हाताने फेडावं, पोराने यावं आणि चकित व्हावं, असं त्याला वाटलं. किती आनंद झाला होता त्याला, काय सांगू! सुई काढली, काळा दोरा शोधला. आधी रिवाजाप्रमाणे लोंबणारी टोकं सुरीने साफ कापली, कारण कड नीट केल्याशिवाय गाठ बसत नाही. कातरण झाडून चुलीत टाकलं. मग भोकाला भोक जोडत बसला. कडेची एक जुनी गाठ बोटाला ओळखीची वाटली. पण झाईतल्या निम्म्या जाळ्यांना त्याच्याच हातच्या गाठी होत्या, आणि वर हा काळा रंग. भाविकची चाहूल लागेपर्यंत भगदाड कुठे होतं ते शोधूनही सापडलं नसतं.

"बघ!" नारू म्हणाला. "आता ने मुंबईला."

भाविकच्या हातातलं स्टँड खाली पडलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर नारूने दोन शब्द सुनावून स्वतःला सावरलं तरी असतं. पोरगा कोटाजवळ गेला, छातीवर हात फिरवला आणि खालीच बसला.

"बाबा, हे जतीनकाकांचं जाळं आहे. काकीने दिलं. मी फक्त रंगवलं आणि बाह्या लावल्या. फाटलेलं होतं तेवढं तसंच ठेवलं होतं."

नारूची बोटं पुन्हा कडेकडे गेली. ओळखीची गाठ! भावाच्या लग्नाच्या वर्षी ते जाळं त्यानेच तर विणलं होतं. बोटांनी सांगितलं होतं, यानेच ऐकलं नाही.

"मला का नाही सांगितलंस रे?"

"प्रदर्शनात घेऊन जाणार होतो तुम्हाला. तिथेच बघावं, असं वाटत होतं."

नारूने कोट उचलला आणि तो हिनाच्या घरी गेला, मागोमाग भाविक. दारात उभा राहिला. त्याने नुसता कोट पुढे केला. तिने हातात घेतला, छातीपाशी चाचपला, पुन्हा चाचपला.

"शिवलंत?"

"मला ठाऊक नव्हतं गं. देवाशप्पथ ठाऊक नव्हतं."

"कधी शिवलंत?"

"आज दुपारी."

"एका दुपारीत?" हिना कोटाकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी फोनमध्ये तो पोरगा चालताना बघितला ना, तेव्हा वाटलं, बरोबर. माझ्या छातीत आहे ते असंच दिसतं. मला आजवर कुणाला सांगता आलं नव्हतं. आणि तेवढ्यात तुम्ही हसलात, भावजी. शिवलंत ते नकळत. हसलात ते बघून हसलात."

नारू तिथेच ओटीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. हिनाने पाणी आणून ठेवलं, पण रडू नका असं काही म्हणाली नाही.

मग त्याने गाठी सोडवायला घेतल्या. त्याच्या गाठी त्या, सहज कशा सुटणार? नखं दुखावली. जाळ्याचं काम एकट्याने होत नाही, समोरून कुणीतरी ताणून धरावं लागतं, म्हणून हिनाने समोर बसून ते धरलं. एकेक गाठ सुटत गेली आणि दोघांच्या मधे भगदाड पुन्हा उघडत गेलं. पण कड आता स्वच्छ होती, सुरीने कापलेली. समुद्राने ओढून फाडलेली ती टोकं चुलीत राख झाली होती. मुंबईत कुणाला कळलं नसतं. या घरात तिघांना कळत होतं.

"असंच नेऊ?" भाविकने काकीला विचारलं.

"ने," हिना म्हणाली. "मला न्यायला विसरू नकोस."

निघायच्या सकाळी नारू स्वतः कोट खांद्यावर टाकून बंदरावरून गेला. घरामागचा रस्ता जवळचा होता, तरी बंदरावरूनच गेला. मागे हिना आणि भाविक. होड्यांपाशी तीच मंडळी बसली होती.

"काय नारूभाई, त्या मित्राचं बुजगावणं कुठे निघालं?"

नारू थांबला. कोट दोन्ही हातांनी उचलून त्याने त्यांच्यासमोर धरला. भगदाडातून पलीकडचा समुद्र दिसत होता.

"मित्राचं नाही, माझ्या भाविकने केलंय. त्या दिवशी मी खोटं बोललो. जाळं आपल्या जतीनचं आहे, आणि हे भोक समुद्राने पाडलेलं होतं तसं आता राहिलं नाही, कारण मी त्याला हात लावला."

कुणी हसलं नाही. एकाने डोक्यावरची टोपी काढली. हसले असते तर बरं झालं असतं, नारूला वाटलं.