जोडपदवीतली गळालेली बाजू

लासुर्ण्याच्या चौकात जीप उभी होती आणि आई माझ्या बॅगेत शेंगदाण्याच्या चटणीची तिसरी पिशवी कोंबत होती. "झाडं शिकायला कॅनडाला कशाला गं जावं लागतं? हितं काय झाडं न्हाईत व्हय?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. तात्या, म्हणजे माझे वडील, लोणी देवकरच्या कारखान्यातली पाळी चुकवून आले होते. "आता जाऊ दी तिला," एवढंच म्हणाले. मी हसत गेले. रडायला वेळच मिळाला नाही.

आमच्याकडं चहूबाजूंनी ऊस. कळंबला मामाच्या रानामागं तेवढा गवताळ माळ उरला होता, त्यावर चिंकारा हरणं दिसायची. सगळे त्याला पडीक म्हणायचे. तो माळ कशावर जगतो, हे मला शिकायचं होतं. बारामतीच्या कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं, बाहेर जोडपदवी असते, विज्ञान आणि वनशास्त्र एकत्र.

तिथं गेल्यावर त्यातल्या अटी अंगावर आल्या. एकीकडं रसायनशास्त्र, संख्याशास्त्र, प्रयोगशाळा. दुसरीकडं झाडांची मोजणी, माती, वणवे. दोन्हीकडं गुण टिकवायचे. शिवाय तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात जंगलातला कॅम्प. तो सक्तीचा, वर्षातून एकदाच. तो झाल्याशिवाय वनशास्त्राचे पुढचे विषय मिळत नाहीत. रसायनशास्त्रात मी एकदा आपटले, उठले, कशीबशी कॅम्पपर्यंत पोचले.

कॅम्प लागून आठवडाही झाला नव्हता. कॅम्पच्या ऑफिसातल्या फोनवर धाकटा भाऊ महेश होता. "ताई, आईला लकवा मारलाय. बारामतीला आयसीयूत हाय." मग तात्यांनी फोन घेतला. "तू येऊ नगंस, वैशे. तुजं पुरं कर."

कॅम्पवर आलेल्या आमच्या अभ्यासक्रमाच्या सल्लागार बाई भल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, कॅम्प सोडलास तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावं लागेल, आणि जोडपदवीची मुदत तेवढी ताणता येणार नाही. मी ऐकलं. संध्याकाळी तंबू आवरला.

बारामतीच्या दवाखान्यात आईनं मला ओळखलं. डोळे भरले तिचे. मला वाटलं, आनंदानं. मग तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. माझ्या हातचा घास घेईना. वॉर्डाबाहेर तात्या म्हणाले, "वाचा गेली, पर कळतंय समदं तिला. तिच्यापायी तुजं शिक्षाण बुडालं, असं वाटतंय." मी रोज तिच्या कानाशी सांगायची, कॅम्प परत होतो गं, काही बुडत नाही. तिनं एकदाही माझ्यावर विश्वास ठेवला नाही. निघायच्या दिवशी मात्र धडधाकट हातानं तिनं माझं मनगट असं धरलं, की तात्यांना एकेक बोट सोडवावं लागलं.

कॅनडाला परत आले तेव्हा वनशास्त्राची बाजू गळाली होती. नुसती विज्ञानाची पदवी मिळाली. आता इथल्याच एका शहरातल्या तळघरात पाण्याचे नमुने तपासते. तिथं खिडकी नाही. मामानं माळ नांगरून ऊस लावला, असं महेश परवा सहज बोलून गेला. मी कशासाठी निघाले होते, हे सांगायला आता बोट दाखवावं असंही काही उरलं नाही.

तुम्ही गावी मागं राहिलेले म्हणता, सुखात आहेस. माझ्यासारखे निघालेले म्हणतात, सवय होते. मला झाली नाही. घर म्हणजे रविवारी महेशनं आईसमोर धरलेला मोबाईल. तिची वाचा परत आली, पण एका शब्दापुरती. जेवलीस का विचारलं तरी ती म्हणते, "ये." इथं बर्फ पडलाय म्हटलं तरी, "ये."

गेल्या रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "येते गं आई."

तात्यांनी घाईनं मोबाईल काढून घेतला, अंगणात गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "आसं म्हणत जाऊ नगंस, पोरी. तिला खरं वाटतं. मग दिसभर दाराकडं बघत बसती."