डाव्या बरगडीखाली

लेकराच्या पोटाला हात लावण्याआधी फुला मावशी आपले तळवे एकमेकांवर खसाखसा घासायच्या. नागपुरातल्या मे महिन्यातसुद्धा. "गार हात लागला का लेकरू पोट आवळते, मंग आतलं काही समजत नाही," असं त्यांचं म्हणणं. आणि हे फक्त दवाखान्यात नव्हे. एकदा लकडगंजात एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवरच्या बाळाचं झबलं वर केलं. ती बाई उखडली, "काय करून राहिल्या तुम्ही?" मावशी शांतपणे म्हणाल्या, "काही नाही वं, डावीकडं पाहून राहिली. चांगलं आहे तुहं लेकरू. जेव आता."

ईशान, तन्वी, दर मंगळवारी मी 'फुला मावशींकडे जाते' म्हणायचे, त्या कोण, असं तुम्ही परवा फोनवर विचारलंत, म्हणून हे लिहिते आहे. पंचफुला हे त्यांचं नाव. एका मोठ्या दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात त्या कामाला होत्या. फरशी पुसणं, चादरी बदलणं, रडणारं मूल धरून ठेवणं, ही त्यांची कामं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी तिथं फॉर्म भरायला आणि फायली लावायला जाऊ लागले. फायली लावायला मला किती आवडतं, ते तुमची आई सांगेल.

मंगळवारी सिकलसेलची मुलं यायची. हा आजार जन्मानं येतो. आई आणि बाप दोघांच्याही रक्तात तो अर्धा लपलेला असला, तर एखाद्या मुलाच्या वाट्याला पुरा येतो. मग रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, नसांमध्ये अडकतात आणि हाडं ठणकतात. विदर्भात अशी घरं पुष्कळ आहेत. अगदी लहान मुलांना आणखी एक धोका असतो. डाव्या बरगडीखाली प्लीहा असते, तिच्यात अचानक रक्त साचतं आणि बघता बघता मूल पांढरंफटक पडतं.

डॉक्टरीणबाई हे आयांना समजावून सांगायच्या. आया माना डोलवायच्या आणि दाराबाहेर गेल्यावर फुला मावशींना विचारायच्या, "काय म्हणत होत्या वं त्या?" मावशी पोछा भिंतीला टेकवायच्या. "कळमन्याच्या मार्केटचं गेट बंद झालं तर काय होते? माल सारा आत, अन् शहर उपाशी. तसंच आहे हे. रक्त आत जाऊन बसते, लेकराच्या ओठाले उरत नाही." एकदा डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलं. पुढच्या मंगळवारी त्यांनी मावशींसाठी आपल्या शेजारी स्टूल मांडलं.

आयांनी घरी रोज पोट चाचपून पाहावं आणि लिहून ठेवावं, म्हणून मी तारीखवार रकान्यांचा एक सुबक तक्ता छापून आणला. मावशींनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला. "झकास आहे मॅडम. पण सकाळच्या घाईत यांना पेन कुठं सापडते?" त्यांनी वेगळीच युक्ती काढली होती. लेकराला तीट लावायला काजळ घरोघरी असतंच. बोटांनी प्लीहेची कड शोधायची आणि तिथं काजळाचा टिक्का लावायचा. कड टिक्क्याच्या पुढं गेली की लेकरू उचलून दवाखाना गाठायचा. मला जरा रागच आला. पण डॉक्टरीणबाईंना युक्ती पटली, आणि आयांना तर फारच.

कामठीहून प्रज्ञा नावाची एक आई यायची. नवरा पॉवरलूमवर कामाला, आणि त्यांची दोन वर्षांची आरू. हातापायांची बोटं सुजली तेव्हा तिचा आजार कळला होता. एका मंगळवारी दुपारी प्रज्ञा आरूला घेऊन धावत आत आली. मुलीची मान कलंडलेली, ओठ कागदासारखे. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला. प्लीहा बेंबीपर्यंत आली होती.

"टिक्क्याच्या पुढं गेलीच नाही मावशी!" प्रज्ञा रडत होती. "रोज पाहत होती मी!"

खरंच पाहत होती. पण टिक्का रोज आंघोळीत जायचा. मग ती नव्यानं कड चाचपायची आणि जिथं लागेल तिथं ताजा टिक्का लावायची. चार दिवस कड खाली सरकत होती, आणि टिक्काही तिच्याबरोबर सरकत होता.

माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, एवढं साधं कसं कळलं नाही तुला?"

"तिले काहून बोलता मॅडम?" मावशी म्हणाल्या. "टिक्का मीनं शिकवला. पुसल्यावर काय करायचं, हे मीनं सांगतलंच नाही. चूक माही आहे." हेच त्यांनी डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं, सगळ्या वॉर्डासमोर, उभं राहून. मुलांनो, मी इतकी वर्षं शिकवलं, पण वर्गासमोर असं एकदाही म्हणाले नव्हते.

आरूला रक्त चढवलं. ती पाणी मागेपर्यंत मावशी तिच्या उशाशी बसून होत्या.

टिक्का त्याच दिवशी बंद झाला. आता बरगडीखाली आपली बोटं आडवी ठेवायची आणि कड किती बोटांवर लागते, ते मोजायचं. तेही आईनंच. "आजीचं बोट जाड, बापाचं त्याहून जाड. माप एकाच हाताचं पाहिजे." माझ्या फायलीतून मी एकेका आईचा नंबर लावून देत होते आणि मावशी फोनवर सांगत होत्या, "काजळ बंद कर वं. हो हो, कपाळाले लाव, पोटाले नको."

दिवाळीनंतर एका सकाळी प्रज्ञाचा फोन आला. "मावशी, काल दोन बोटं होती. आता चार लागून राहिली."

"ओठ कसे आहेत?"

"चांगले आहेत. खेळून राहिली."

मागून नवऱ्याचा आवाज आला, "खेळून राहिली तर काहून नेतं? माहा दिवस बुडते."

"ए गा जावई," मावशी फोनमध्ये ओरडल्या, "तू नको येऊ. तिले फक्त ऑटोत बसवून दे!"

तासाभरात दोघी आल्या. तपासलं तर अंगातलं रक्त कमी व्हायला लागलंच होतं. या वेळी मात्र आरू एका हाताला सुई आणि दुसऱ्या हातात बिस्कीट घेऊन बसली होती आणि बिस्कीट संपल्याची तक्रार करत होती. दोनदा असं झालं, म्हणून पुढं सगळ्या लसी देऊन डॉक्टरांनी ऑपरेशन केलं आणि ती प्लीहाच काढून टाकली. त्या दिवशी तिचा बाप लूम सोडून सकाळपासून बाकावर बसून होता.

गेल्या वर्षी फुला मावशी निवृत्त झाल्या आणि गावी गेल्या. शेवटच्या मंगळवारी त्यांच्या स्टुलावर प्रज्ञा बसली होती आणि एका नव्या आईला बोटं कशी ठेवायची ते दाखवत होती. मावशी नुसत्या पाहत होत्या. त्या नव्या आईच्या मांडीवर सहा महिन्यांचं बाळ होतं. तिनं घाबरतच विचारलं, "मोठं झाल्यावर बरं होते का हे?"

त्यांच्या जागी मी असते तर काहीतरी गोड बोलले असते. मावशी म्हणाल्या, "बरं नाही होत वं. औषध रोजचं आहे, पाणी भरपूर पाजाचं, ताप आला का घरी बसायचं नाही. पण लेकरू मोठं होते. ते पाय, तिकडं दारात."

दारात पहिलीतली आरू गणवेशात उभी होती आणि पाण्याच्या बाटलीचं झाकण दातांनी उघडत होती. नवी आई तिच्याकडं बराच वेळ पाहत राहिली. मग बाळाला नीट उताणं निजवून प्रज्ञाला म्हणाली, "दाखवा ताई, पुन्हा एकदा."